खुर्चीतून उठताना

आमच्या घरी वडिलांची एक आरामखुर्ची होती. सागवानी, पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची. वडील फिरतीवर गेले, आठ-आठ दिवस घरी नसले, तरी तिच्यात कोणी बसायचं नाही. धाकट्याने एकदा बसून पाहिलं, तर आई एवढंच म्हणाली, "ऊठ. त्यांची आहे ती." खुर्ची एकाचीच असते, हे मी तिथे शिकले.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायचं. अमेरिकेत १९६६ ते १९६९ चालून ती मालिका केव्हाच बंद पडली होती. शेजारच्या काकूंच्या कृष्णधवल टीव्हीवर मात्र ती आम्हाला नवीकोरी होती. इंग्रजी निम्म्याहून अधिक डोक्यावरून जायचं. त्यामुळे कोण काय बोलतं यापेक्षा कोण कुठे बसतं आणि कधी उठतं, याकडेच लक्ष. एंटरप्राइझ जहाजाच्या नियंत्रणकक्षात मधोमध कॅप्टन कर्कची खुर्ची. कर्क सारखा कुठल्या ना कुठल्या ग्रहावर उतरायचा आणि मागे स्पॉक, स्कॉटी नाहीतर सुलू त्या खुर्चीत बसायचा. कोणी हरकत घेत नसे. कर्क आला की बसलेला उठायचा, आणि उठताना त्याचं तोंड उतरत नसे. ताऱ्यांमधून उडणाऱ्या जहाजापेक्षा मला याचंच नवल वाटायचं. त्या जहाजावर चॅपेल नावाची नर्सही होती. पुढे मी नर्सच झाले, पण तेव्हा तिच्याकडे माझं लक्षही गेलं नव्हतं.

नोकरीला लागल्यावर कळलं की आमचं कामच मुळी खुर्ची धरण्या-सोडण्याचं. तीन पाळ्या, आणि प्रत्येक पाळी संपताना हँडओव्हर. खाटेखाटेपाशी उभं राहून सांगायचं : चार नंबरचं सलाईन आठला संपेल, नऊ नंबरला लघवी कमी होतेय, बारा नंबरच्या आजी रात्री उठून चालायला लागतात. सांगून झालं की वॉर्ड पुढचीचा. सुरुवातीला मला ते जमायचं नाही. घरी जाऊन मी बूथवरून वॉर्डात फोन करायची. एकदा इनचार्ज सिस्टरांनीच फोन उचलला. म्हणाल्या, "तिच्यावर विश्वास नव्हता, तर हँडओव्हर दिलास कशाला?"

बऱ्याच वर्षांनी ती मालिका मी पुन्हा पाहिली, या वेळी शब्दांसकट. १९६७ चा 'अ टेस्ट ऑफ आर्मागेडन' हा भाग तर दोनदा. कर्क आणि स्पॉक खाली परक्या ग्रहावर अडकलेले, खुर्चीत इंजिनिअर स्कॉटी. जहाजावर आलेला राजदूत फर्मावतो, संरक्षक कवच काढा. स्कॉटी नाही म्हणतो. राजदूत शिक्षेची धमकी देतो, तरी नाहीच. कर्कला विचारायची सोय नसते. पण कर्क इथे असता तर काय म्हणाला असता, हे स्कॉटीला ठाऊक असतं. आमच्या घरी वडिलांच्या माघारी खुर्ची जपली जायची. स्कॉटी खुर्चीत बसून खाली अडकलेली माणसं जपत होता.

मात्र मला खरा धडा दिला तो न आवडलेल्या कॅप्टनने. नंतरच्या 'नेक्स्ट जनरेशन' मालिकेत 'चेन ऑफ कमांड' नावाची दोन भागांची कथा आहे, १९९२ ची. कॅप्टन पिकार्ड गुप्त मोहिमेवर जातो आणि त्याच्या जागी जेलिको येतो. आल्या आल्या हुकूम : तीनऐवजी चार पाळ्या. दुय्यम अधिकारी रायकर खातेप्रमुखांशी बोलतो, त्यांच्या अडचणी ऐकतो आणि अंमल लांबवतो. पहिल्यांदा पाहताना मी अर्थातच रायकरच्या बाजूची. पाळ्या बदलणाऱ्याबद्दल कुठल्याही नर्सचं मत चांगलं नसतं.

मग मी स्वतः इनचार्ज झाले आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्यांच्या ड्युट्या बदलल्या. कागदावर तक्ता बिनचूक होता. कोणी भांडलं नाही. फक्त मला कोणी काही सांगेनासं झालं. वॉर्डात काय चाललंय ते मला रजिस्टरातून कळायचं, माणसांकडून नाही. माझ्या तक्त्याप्रमाणे एका रात्री दोघीही नवख्या आल्या, आणि एक आजी अंधारात उठून पडल्या. मनगटावर निभावलं. सकाळी मी एका जुन्या सिस्टरला विचारलं, "हे होणार असं दिसत होतं, तर बोलला का नाहीत?" त्या गॉज घड्या करत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तुम्ही विचारलंत कुठे?"

त्यानंतर जेलिको पुन्हा पाहिला. माणूस मूर्ख नाही. शेवटी पिकार्डला तोच परत आणवतो. पण त्या डावात शत्रूच्या जहाजांभोवती सुरुंग पेरायला निष्णात वैमानिक लागतो, आणि तो असतो रायकर, ज्याला त्याने स्वतःच कामावरून दूर केलेलं असतं. तेव्हा जेलिको उठून त्याच्या खोलीत जातो. हुद्दा बाजूला ठेवून दोघं एकमेकांना तोंडावर सुनावतात, आणि मग जेलिकोला विनंती करावी लागते. रायकर जातो. आवड-नावड आहे तिथेच राहते, काम होतं. निष्ठेला प्रेम लागतंच असं नाही, पण कोणीतरी येऊन विचारावं लागतं.

मी तक्ता ड्युटीरूमच्या टेबलावर ठेवला, शेजारी पेन्सिल आणि खोडरबर. दोन दिवसांनी उचलला तेव्हा माझी अक्षरं शोधावी लागत होती.

गेल्या वर्षी निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी हँडओव्हर दिला, फाटकापर्यंत गेले आणि चष्मा राहिल्याचं लक्षात आलं. परत वॉर्डात आले तर नवी इनचार्ज माझ्या खुर्चीत बसून इंडेंट लिहीत होती. तिने मान वर केली, पेनानेच स्टूल दाखवलं. "बसा ना सिस्टर, एवढं संपवते."

ती उठली नाही. मी स्टुलावर बसले.