जांघेतला झोत

अँजिओग्राफीनंतर जांघेत फुगवटा आला म्हणून डॉप्लरला पाठवलेला पेशंट आला, की मी प्रोबआधी बोटं टेकवते. सूक्ष्म थरथर लागली की निम्मं निदान तिथेच होतं. टोचताना सुई धमनी आणि शीर दोन्हींतून गेलेली असते आणि धमनीचं रक्त थेट शिरेत घुसत असतं. १७५७ साली विल्यम हंटर यांनी अशा जोडाचं, म्हणजे फिस्टुलाचं, वर्णन केलं. तो उपचार म्हणून रक्त काढताना कोपरापाशी झालेला होता. त्यांच्याकडे फक्त हात आणि कान होते.

आमच्याकडे रंग आहेत, आणि ते आधी गोंधळातच टाकतात. पडदाभर लाल-निळे ठिपके उधळतात, अगदी रक्तवाहिनीबाहेरच्या मांसातही. तिथे प्रवाह नसतो. झोताच्या जोराने मांस थरथरतं, त्याचे ते ठिपके. शिकणारी मुलं ते पुसायला धावतात. मी म्हणते, थांबा, भोक इथेच जवळ आहे. मग वेगाची स्केल चढवत न्यायची. बाकीचे प्रवाह एकरंगी, शांत होत जातात आणि झोत तेवढा रंग उधळत राहतो. हात मात्र हलका हवा. दाबलं की शीर चपटी होते आणि तोंड हरवतं. "काका, पाय जरा बाहेर वळवा, श्वास नेहमीसारखा घ्या." आता आलेख. निरोगी धमनीत रक्त पुढे जातं, क्षणभर मागे येतं, पुन्हा थोडं पुढे. इथे ते मागे येतच नाही, दोन ठोक्यांच्या मधेही पुढेच धावतं. आणि शिरेत, जिथे श्वासाबरोबरचा संथ चढउतार हवा, तिथे ठोके पडत असतात.

भोक बहुधा खालच्या अंगाला सापडतं. जांघेत शीर धमनीच्या आतल्या बाजूला असते, पण मांडीत उतरताना ती धमनीच्या मागे सरकते. सुई खाली टोचली की दोन्हींतून आरपार जायचा धोका वाढतो. म्हणून 'फिस्टुला आहे' एवढाच रिपोर्ट मला अपुरा वाटतो. धमनी जिथे दुभंगते तिथून भोक किती खाली, हे मी लिहितेच. ते सुई धरणाऱ्यापर्यंत पोचायला हवं. टोचतानाच सोनोग्राफी लावली तर हे बरंचसं टळतं. १९८९ साली लुसियाँ कॅम्पो यांनी मनगटातून केलेली अँजिओग्राफी प्रसिद्ध केली, आणि ती वाट रुळल्यापासून असे पेशंट कमी झाले, याचं मला मनापासून समाधान आहे.

ऑपरेशनच्या धास्तीने सोबत आलेल्या काकूंचा चेहरा उतरलेला असतो. लहान फिस्टुला पुष्कळदा आपोआप मिटतात, हे मी त्यांना बसवून सांगते. तपासणीला मात्र परत यायचं, आणि पाय सुजला किंवा धाप लागली तर तारखेची वाट बघायची नाही.