बाणातला ण, आयचं पानी

आय म्हणायची, "पानी आन." वेल्ह्यावरून केळदला जाणाऱ्या वाटेवरचं आमचं पासली. पावसाळ्यात घरात पाणी, उन्हाळ्यात डोक्यावर हंडा. तिथं मी बोलायला शिकलो.

पुढं बाहेरगावच्या शाळेत गेलो. धडा वाचताना 'पानी' म्हणालो. मास्तर म्हणाले, "बाणातला ण म्हण. तुमच्या लोकांची जीभच जड." वर्ग हसला. माझ्या मागं बसणारा पाटलाचा पोरगाही 'पानी'च म्हणायचा. आमच्या मावळात किती तरी जण म्हणतात. पण त्याचा न गावरान ठरला, माझा न जातीचा.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घुसला. जीभ जड म्हणजे काय?

मिळेल ते वाचत गेलो. भाषेची सगळ्यात लहान वीट म्हणजे ध्वनी. एकट्या ध्वनीला अर्थ नसतो, पण तो बदलला की अर्थ बदलतो. 'तन' म्हणजे अंग, 'तण' म्हणजे खुरपून फेकायचं गवत. पुस्तकी मराठीत न आणि ण या दोन विटा. आयच्या बोलीत दोघींचं काम एकच वीट करते, बाकीचं वाक्य सांभाळून घेतं. "पानी आन" म्हटल्यावर कुणी दगड आणून दिला नाही.

१९८४ साली कॅनडातल्या जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांचा अभ्यास छापून आला. इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या तान्ह्या पोरांना त्यांनी हिंदीतले त आणि ट ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक पोरांना फरक कळला. दहा-बारा महिन्यांच्या पोरांपैकी फार थोड्यांना कळला. म्हणजे पोर जन्मतं ते परक्या बोलीलाही कान उघडा ठेवून, आणि वर्षाच्या आत तो कान घरच्या बोलीला बसतो. बामणाच्या पोराचा तसाच बसतो, माझाही तसाच बसला. मग जड जीभ आली कुठून?

विटेवरचा दुसरा थर प्रत्ययांचा. 'ये' आणि 'या'. फरक एका स्वराचा, पण गावगाड्याची सगळी उतरंड त्यात. शेंबड्या पोरानं आमच्या म्हाताऱ्याला 'ये' म्हणायचं, म्हाताऱ्यानं त्या पोराला 'या' म्हणायचं. रामा पाटलाचा असला तर रामराव, आमचा असला तर राम्या. पोराला व्याकरण कुणी समजावून सांगत नाही, ते ऐकून शिकतं. आपली पायरीही तसंच शिकतं, त्याच शब्दांतून, त्याच वयात. म्हणून जात इतकी खोल रुतते, दोस्तांनो. नुसत्या भाषणानं ती निघत नाही.

पण काढता येते. आपल्या आज्या-पणज्यांनी 'जोहार' टाकला. जोहाराला एक वरचा लागतो, एक खालचा लागतो. 'जयभीम'ला उत्तर जयभीमच. पायरीच उरत नाही.

अमेरिकेत विल्यम लबॉव्हनं हार्लेममधल्या काळ्या पोरांची बोली अभ्यासली. १९६९ च्या लेखात त्यानं दाखवलं, की ती मोडकी इंग्रजी नाही, तिला तिचे नियम आहेत. शाळेला ते दिसत नव्हते. आपल्या शाळेलाही दिसत नाहीत.

गिरणीत मागाच्या खात्यात कानठळ्या बसतात. आम्ही ओठ बघून बोलतो. न आणि ण ओठांवर सारखेच दिसतात, जीभ आत हलते. तिथं माझा न कुणी पकडला नाही. पाणी मागितलं, पाणी मिळालं.

मग ण शिकायचा नाही का? शिकायचा. परीक्षेला लागतो, अर्जाला लागतो, कोर्टात लागतो. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. पुढं त्यांनी स्वतः संस्कृतचा अभ्यास केला आणि शास्त्रांची झडती घेतली. तसा ण घ्या, हत्यार म्हणून.

पण माझ्याकडून एक पाप झालं. शिकून गावी गेलो तेव्हा आयला म्हणालो, "पानी नाही गं, पाणी म्हण." ती गप्प झाली. दिवसभर माझ्याशी जपून बोलली, परक्याशी बोलावं तशी. मास्तरानं वर्गात मला जे केलं, ते मी घरात आयला केलं. मास्तर माझ्या तोंडात बसला होता.

तुमच्याही तोंडात बसला असेल. तपासून बघा.

छापणाऱ्या मित्रा, माझा ण चुकला असेल तर दुरुस्त कर. आयचा न तसाच ठेव.

जयभीम.