कोटांतील एक रात्रीचें जेवण

मुंबईच्या ज्या भागास आपण कोट म्हणतों, तेथें कोट म्हणावें असें आतां फारसें कांहीं उरलेलें नाहीं. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दींत, 1862 नंतरच्या वर्षांत, तट पाडण्यांत आला. वेशींपैकीं चर्चगेटचें नांव तेवढें रेल्वेच्या स्टेशनास चिकटून राहिलें. काळ्या घोड्याची कथाहि तशीच. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा 1965 सालीं भायखळ्यास हलविला, तरी लोक त्या जागेस काळा घोडाच म्हणत राहिले. अखेर 2017 सालीं तेथें नवा घोडा आला, पण त्यावर स्वार नाहीं. आणि तें एका अर्थीं बरेंच झालें. जवळच वॉटसनच्या जुन्या हॉटेलाची इमारत आहे. तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडांत तयार करवून येथें जुळविला होता. ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें 7 जुलै 1896 रोजीं हिंदुस्थानांत प्रथम दाखविलीं गेलीं तीं याच हॉटेलांत. आज तेथें ना हॉटेल, ना चित्रें. नांव एक आणि वस्तु दुसरी, हा अनुभव या भागांत पावलोपावलीं येतो. आम्हां उभयतांस तो जेवणाच्या मेजावरहि आला.

निमित्त आमच्या विवाहास 40 वर्षें झाल्याचें. एकत्र कुटुंबांत नांदलेल्या वाचकांस हें सांगावयास नकोच कीं, पतिपत्नींनीं समोरासमोर बसून, दुसऱ्यानें वाढलेलें अन्न निवांतपणें जेवावें, असा योग अशा घरांत येत नाहीं. आधीं पुरुषांची पंगत, मग मुलांची, शेवटीं बायकांची. पुढें पाट जाऊन टेबल आलें, तरी वाढणारे हात तेच राहिले. मुंबईच्या धाकट्या सूनबाईंनीं "आई, एकदां तुम्ही दोघेंच जाऊन या," असा आग्रह धरला आणि काळ्या घोड्याजवळच्या एका जुन्या दगडी इमारतींतील महागड्या रेस्टॉरंटांत परस्पर जागाहि राखून ठेविली. सौभाग्यवतीनें ठेवणींतलें जांभळें लुगडें नेसावयास काढलें, त्यावरून तिच्या उत्साहाची कल्पना यावी.

रेस्टॉरंट हा शब्द फ्रेंच आहे. मूळ धातूचा अर्थ गेलेली शक्ति परत आणणें. अठराव्या शतकांत पॅरिस शहरीं अशक्तांसाठीं विकल्या जाणाऱ्या पौष्टिक रसास हें नांव होतें. तेंच पुढें तो विकणाऱ्या घरास लागलें. आपल्याकडे चरकसंहितेंत आहाराचा विचार आठ अंगांनीं केलेला आहे. त्यांत पदार्थाच्या स्वभावाबरोबरच राशि म्हणजे प्रमाण, देश, काल आणि स्वतः जेवणारा मनुष्य हींहि अंगें मोजलीं आहेत. त्या रात्रीं आमच्या वाट्यास जें आलें, त्यांत जेवणारा मनुष्य हें शेवटचें अंग कोणाच्या ध्यानींमनीं नव्हतें.

आंत उजेड इतका मंद, कीं देवघरांतील समई त्याहून बरी. पदार्थांची यादी कागदावर नव्हती. मेजावरील काळ्या ठिपक्यांच्या चौकोनावर मोबाईल धरावा, तेव्हां ती पडद्यावर उमटे. वाढपी तरुण मोठा अदबशीर होता. पण त्याचें बोलणें आम्हांस ऐकूं येईना, व आमचें त्यास. कारण भिंतींतून कसलेंसें संगीत अखंड धडधडत होतें. न बोलतां, न हसतां, अन्नाकडे चित्त देऊन जेवावें असें चरक सांगतात. तो उपदेश इतक्या कडकपणें पाळविणारें स्थळ मीं दुसरें पाहिलें नाहीं. परंतु सौभाग्यवती आली होती ती बोलावयासच. दोन वेळां तिनें कांहीं सांगावयास आरंभ केला, दोन्ही वेळां मीं "काय म्हणालीस?" असें विचारलें, तिसऱ्यांदा तिनें हातानेंच 'असूं दे' अशी खूण केली.

यादींत वरणभात नव्या रूपांत मिळतो असें वाचून तिनें तो मागविला. ताटाएवढ्या काळ्या पाटीवर भाताचे तीन तळलेले गोळे आले. शेजारीं वरणाचे पिवळे ठिपके, आणि वर तुपाचा फेस. "अहो, ह्यांत हिंगच नाहीं," ती माझ्या कानाशीं येऊन म्हणाली. त्या मुक्कामांत मला स्पष्ट ऐकूं आलेलें तिचें हें एकच वाक्य. तळणी चोख होती, तांदूळहि उत्तम होता, हें मान्य केलें पाहिजे. पण तीन घास संपल्यावर पुढच्या पदार्थाची वाट पाहण्यांत पाऊण तास गेला. आणि तो येतो न येतो तोंच, आमची जागा नऊपर्यंतचीच असल्याची आठवण देण्यांत आली.

बिलांत पाण्याच्या एका बाटलीचे 300 रुपये होते. बाटलीबंद पाण्यास छापील किंमतीहून अधिक घेण्याची मुभा हॉटेलांना सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर 2017 मध्यें दिलेली आहे, तेव्हां ते निमूटपणें दिले. सेवाशुल्काची गोष्ट निराळी. तें बिलांत आपोआप घालूं नये, असें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें 4 जुलै 2022 रोजीं सांगितलें असून, दिल्ली उच्च न्यायालयानें मार्च 2025 मध्यें तें उचलून धरलें. मीं तसें म्हणतांच व्यवस्थापकांनीं 520 रुपये विनातक्रार कमी केले. वाचकांनीं हें ध्यानांत ठेवावें. वाढप्यास मात्र मीं स्वहस्तें 200 रुपये दिले. त्या बिचाऱ्याचा कांहीं दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं आम्ही डेक्कन क्वीननें परत निघालों. 1930 सालीं सुरू झालेल्या या गाडीस जेवणाचा डबा अद्यापि आहे. तेथें दोन आसनें मिळालीं, आणि कटलेट, टोस्ट व चहा समोर आला. कर्जतच्या पुढें घाटांतील बोगदे लागले. त्यांत आवाज कांहीं थोडा नसतो, पण बोगदा संपला कीं तो थांबतो. काल काय सांगणार होतीस, असें मीं विचारलें.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाची गोष्ट. बायकांची पंगत बसेपर्यंत आमटी बहुधा संपलेली असे. तेव्हां आमच्या मातोश्री एक शब्दहि न बोलतां फडताळांतून मेतकुटाचा डबा काढीत आणि नव्या सुनेच्या भातावर आधीं मेतकूट, मग चमचाभर तूप वाढीत; स्वतः मात्र ताक-भातावर उठत. मातोश्रींस जाऊन आतां 19 वर्षें झालीं. मला यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. खंडाळा मागें पडला, वाढप्यानें चहाचे पेले उचलून नेले, तरी ती त्या वर्षाविषयींच सांगत होती.