केवढ्याला घेतलास?

मराठी घरात नवी वस्तू आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. ती काय आहे, कशी चालते, लागणार होती का, हे सगळं नंतर. आधी किंमत. त्यामुळे २०१४ मध्ये मी सेनहायझरचे एचडी ६०० हेडफोन घेतले तेव्हा खोका कुठेतरी गुपचूप टाकून द्यावा असं मनात आलं होतं. पण आमच्याकडे खोके टाकत नाहीत, ते माळ्यावर जातात, आणि माळ्यावर जायच्या आधी घरातला प्रत्येक जण त्यावरचं लेबल वाचतो. सव्वीस हजार.

"म्हणजे एका कानाचे तेरा," बायको शांतपणे म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

बिअरच्या बाबतीत तर आणखी वाईट परिस्थिती. दुकानातल्या बाटलीच्या दुप्पट-तिप्पट पैसे देऊन एक ग्लास प्यायचा, तोही नाक खुपसून, वास घेत घेत, हे समजावून सांगता येत नाही. मी सांगायचा प्रयत्नही सोडून दिलाय. पण मंडळी, तुमच्यापैकी निम्म्यांना यातला एक तरी आजार असणार याची मला खात्री आहे, म्हणून आज लिहितोय.

आधी हेडफोन. एचडी ६०० हे मॉडेल १९९७ सालचं. आमच्या धंद्यात सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं जुनं काही असेल तर त्याला हात लावायला लोक घाबरतात, हे मात्र अजून नवंकोरं विकत मिळतं. माझ्याकडचे जुन्या रंगाचे आहेत, निळसर करड्या ठिपक्यांचे, स्वयंपाकघराच्या ओट्याला लावतात त्या ग्रॅनाइटसारखे. दिसायला काही खास नाहीत. शिवाय मागून उघडे. म्हणजे कानावरच्या वाटीला बाहेरून नुसती जाळी. आतला आवाज बाहेर, बाहेरचा आत. ऑफिसात घातले तर शेजारचा माणूस तुमच्या आवडीनिवडीवर मत देऊ शकतो. कंपनीच्या बसमध्ये उपयोग शून्य. थोडक्यात, आपण हेडफोन जिथे जिथे वापरतो तिथे तिथे हे वापरता येत नाहीत! त्यात यांचा इम्पिडन्स ३०० ओहम, त्यामुळे बऱ्याच फोनचा दोर या विहिरीला पुरत नाही. आवाज येतो, पण पोहरा अर्धाच भरून येतो. मग वेगळा अँप्लिफायर आला. मग दुसरा खोका. मग तोच प्रश्न.

मग एवढं करून मिळतं काय? तर बंदिस्त हेडफोनमध्ये आवाज डोक्याच्या आत कोंडल्यासारखा वाटतो, तसा इथे वाटत नाही. खालचा ढुमढुम बास यांच्यात कमी आहे, लग्नाच्या वरातीतली गाणी ऐकायची असतील तर पैसे वाया. पण माणसाचा गळा! गाणाऱ्याने श्वास कुठे घेतला, पेटीचा भाता कधी दाबला, तबल्याच्या चाटीवर बोट किती रेंगाळलं, तानपुऱ्याची एक तार जराशी उतरलीय का, हे सगळं काही न करता नुसतं समोर येऊन बसतं. (स्पेसिफिकेशनमध्ये हे हेडफोन सुमारे ४०,००० हर्ट्झपर्यंत वाजतात असं लिहिलंय. माणसाच्या कानाची हद्द फार तर २०,०००, आणि चाळिशीनंतर त्यातली वरची बरीचशी जमीन सरकारजमा झालेली असते. उरलेलं वटवाघळांसाठी असावं.)

जाता जाता एक गंमत. स्टीरिओ हेडफोन घराघरांत पोचवणारा जॉन कॉस हा अमेरिकेतल्या मिलवॉकीचा. त्याने १९५८ मध्ये एसपी/३ हे मॉडेल आणलं. आणि मिलवॉकी हे गाव मुळात प्रसिद्ध कशासाठी? बिअरसाठी! माझे दोन्ही छंद एकाच गावाच्या पाण्यातले निघाले हे वाचून मला जो आनंद झाला तो बायकोला झाला नाही.

बिअरची दीक्षा मला पुण्यातच मिळाली. २००९ मध्ये इथे 'डूलाली' ही मायक्रोब्रूअरी सुरू झाली. हे नाव म्हणजे आपलं नाशिकजवळचं देवळाली बरं का. ब्रिटिश सोल्जर मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत देवळालीच्या छावणीत महिनोन्महिने पडून राहायचे आणि उन्हाने, कंटाळ्याने डोक्यावर परिणाम व्हायचा, त्यावरून इंग्रजीत वेडसर माणसाला डूलाली म्हणायला लागले. पूर्ण शब्दप्रयोग 'डूलाली टॅप', आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप.

तर एका मित्राने (याला आपण तज्ज्ञ म्हणू, तो स्वतःला तेच म्हणतो) मला तिथे नेलं आणि गढूळ पिवळ्या रंगाचा एक ग्लास पुढे ठेवला. गव्हाची जर्मन पद्धतीची बिअर, हेफवाइझन. मी एक घोट घेतला. बरी होती. तज्ज्ञ म्हणाला, "केळं लागतंय का बघ."

आणि च्यायला, केळं! पिकलेलं, शिकरणीतलं केळं. त्यामागे लवंग. आधीच्या घोटात यातलं काहीही नव्हतं आणि पुढच्या प्रत्येक घोटात होतं. बिअरमध्ये केळं कोणी घालत नाही. यीस्ट साखर खाता खाता आयसोअमाइल अॅसिटेट नावाचा पदार्थ तयार करतं, पिकल्या केळ्याच्या वासातही तोच असतो. लवंगेसारखा वासही यीस्टचीच करामत. मला शंका आली की हा नुसता सूचनेचा परिणाम. "अमावास्येला पिंपळावर काहीतरी दिसतं" असं सांगितलं की दिसतंच की. मी तज्ज्ञाला तसं म्हणालो. तो म्हणाला, "तू इंजिनिअर ना? मग टेस्ट कर."

हे वाक्य तो विसरला, मी विसरलो नाही.

बिअरवाल्यांकडे यासाठी एक सुंदर पद्धत आहे, त्रिकोण चाचणी. १९४० च्या दशकात कार्ल्सबर्गच्या लोकांनी ती वापरात आणली. तीन ग्लास, दोनात एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. वेगळा ग्लास ओळखा. चांगली का वाईट हे कोणी विचारत नाही, फक्त वेगळा कुठला ते सांगा. नुसत्या अंदाजानेही तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणून १२ वेळा केलं तर किमान ८ तरी बरोबर यायला हवेत, तरच काहीतरी कळतंय असं म्हणायचं. (बिअर आणि संख्याशास्त्राचं नातं जुनं आहे. ज्या टी-टेस्टने आपल्याला कॉलेजात छळलं ती गिनेसच्या ब्रूअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेटची, १९०८ सालची. कंपनी स्वतःच्या नावाने छापू देत नव्हती म्हणून त्याने 'स्टुडंट' हे टोपणनाव घेतलं.)

आम्ही दोन वीकएंड लावून हा प्रयोग केला, घोटभर घोटभर. एकाच कंपनीच्या हिरव्या काचेच्या बाटल्या आणल्या. एक कपाटात ठेवली, एक बाल्कनीतल्या उन्हात. बिअरला कडूपणा देणारं हॉप्स हे फूल उजेडाला फार हळवं असतं, उन्हाने त्यातल्या द्रव्यांचं गंधकाच्या संयुगात रूपांतर होतं. तपकिरी काच हा उजेड अडवते, हिरवी फारसा अडवत नाही. इंग्रजीत याला स्कंकचा वास म्हणतात. आता स्कंक काही आपल्या पर्वतीवर फिरत नाही, मला विचाराल तर तो हिंगाच्या डबीच्या जवळपास जातो. १२ पैकी माझे ११ बरोबर आले. म्हणजे फरक होता. आणि कॉलेजात ज्या वासाला आम्ही 'इंपोर्टेड टेस्ट' म्हणून डोक्यावर घेऊन नाचायचो तो काय होता, हेही कळलं.

मग हाच न्याय हेडफोनला लावला. एकच गाणं, एकदा ३२० केबीपीएसच्या एमपी३ मध्ये, एकदा फ्लॅकमध्ये. कुठलं काय हे कॉम्प्युटर ठरवणार, मी ओळखायचं, १६ वेळा. १२ आले तर पास. माझे आले ९. नाणं उडवून ८ येतात. महागड्या वायरची चाचणी मी केलेली नाही. वायर घेणाऱ्यांनाही करू देऊ नये, मैत्री राहत नाही. पण खुद्द हेडफोनचीच अशी चाचणी घरी कशी करणार? डोक्यावर घातल्या घातल्या वजनावरून, कानाशी लागणाऱ्या मखमलीवरून कळतंच ना कुठले ते! म्हणजे ज्यात सगळ्यात जास्त पैसे घातले तोच भाग तपासता येत नाही. हे मला बरेच दिवस खुपत होतं.

तेवढ्यात कॅसेटचं प्रकरण झालं.

माझे बाबा २०११ मध्ये गेले. त्यांच्या कॅसेट्सचा एक ट्रंकभर संसार आईकडे होता. बाजारातल्या कमी, स्वतः रेकॉर्ड केलेल्या जास्त. त्यातली एक १९८६ च्या गणेशोत्सवातली, आमच्या जुन्या वाड्याच्या चौकातली मैफल. गायक फार नावाजलेले नव्हते, पण त्यांचा बागेश्री आमच्या घरात वर्षानुवर्षं वाजला. मला त्यातल्या खोकल्यांच्या जागाही पाठ आहेत. ही कॅसेट मी कॉम्प्युटरवर घेतली आणि रात्री सगळे झोपल्यावर हेडफोन घालून ऐकायला बसलो.

पहिल्या बंदिशीनंतर थोडा वेळ जातो. तबलजी तबला लावून घेतायत, कोणीतरी चहाचं विचारतंय, नेहमीची कुजबुज. त्या कुजबुजीत माइकच्या अगदी जवळून, दबक्या आवाजात दोन शब्द आले. "झोपला हा."

बाबा. टेपरेकॉर्डर त्यांच्या पुढ्यात असणार, म्हणून एवढ्या जवळून. आणि 'हा' म्हणजे मी. वय वर्षं सहा.

मी ते किती वेळा मागे घेऊन ऐकलं ते सांगत नाही. मग नेहमीप्रमाणे कारण शोधायला लागलो. जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये रेकॉर्डिंगची पातळी आपोआप सांभाळणारं एक सर्किट असायचं. गायक जोरात गायला की ते पातळी खाली ओढतं, शांतता झाली की वर नेतं. म्हणजे गाणं थांबलं की मशीन कान टवकारतं. म्हणून गाण्यात बुडालेला चौक दोन बंदिशींच्या मध्ये हळूहळू वर येतो, आणि त्याच्याबरोबर बाबाही. २५-३० वर्षं मी ती जागा ऐकत होतो आणि तिला कुजबुज म्हणत होतो. मला वाटलं, फिटले पैसे. दोन्ही कानांचे.

दुसऱ्या दिवशी आईकडे गेलो. ती मेथी निवडत बसली होती. हेडफोन, अँप्लिफायर घेऊन जायचा कंटाळा केला होता, म्हणून फोनवरच लावलं, फोनच्या त्या टिचभर स्पीकरवर. म्हटलं, हिला ऐकू येणार नाही, पण निदान सांगता तरी येईल. ती जागा आली.

"हो, 'झोपला हा' म्हणतायत," आई मेथीतून मान वर न करता म्हणाली. "माझ्या मांडीवर होतास तू."

"तुला ऐकू येतं हे?"

"येतं की. कायमच यायचं."

"मग कधी बोलली नाहीस!"

"अरे, तू विचारलंस कधी?"

घरी येऊन मी ते पाचशे रुपयांच्या इअरफोनवर ऐकलं. स्पष्ट. लॅपटॉपवर ऐकलं. तिथेही. आता कशावरही लावा, बाबा बोलतातच. हेडफोननी ते मला पहिल्यांदा ऐकवलं हे खरं, पण आई तिथे होती, तिला कुठे ऐकायचं ते माहीत होतं, तिला सव्वीस हजारांची गरज पडली नाही. त्या रात्री साधे इअरफोन असते तर मला ऐकू आलं असतं का? याची चाचणी आता होऊच शकत नाही. जे एकदा ऐकलं ते न ऐकलेल्या कानाने परत ऐकायची सोय नाही, तसंच ते केळं. गेली कित्येक वर्षं मी प्रयत्न करतोय की हेफवाइझनचा एक घोट केळ्याशिवाय प्यावा, पहिल्यांदा प्यायलो होतो तसा. जमत नाही.

बाबांच्या अजून अकरा कॅसेट्स कॉम्प्युटरवर घ्यायच्या राहिल्यात. दोन मैफली मी कधीच ऐकलेल्या नाहीत, त्यात कोण कोण कुजबुजतंय ते आईलाच सांगता येईल. तिला रविवारी दुपारी बोलावलंय. अँप्लिफायरला दोन जोड लागतात, मोठे हेडफोन तिला देणार आणि मी ते पाचशेवाले घेणार. तज्ज्ञही बिअर घेऊन येतो म्हणत होता. त्याला सांगितलंय, आई गेल्यावर ये.