खाणी गेल्या, 'गेला' राहिला

इंग्लंडच्या ईशान्येला असलेल्या डरहॅम परगण्यात आज कोळशाची एकही खोल खाण चालू नाही. तरीही दर वर्षी जुलैमध्ये तिथे खाणकामगारांचा मेळा भरतो आणि लाखाहून अधिक माणसं येतात.

"आई, शनिवारी दुसरं काही ठरवू नकोस हं. आपल्याला 'गेला'ला जायचंय."

मी चमकलेच. "कोण गेला गं?"

मुलगी हसत सुटली. नोकरीच्या निमित्ताने ती न्यूकॅसलला राहते. २०२४ च्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे महिनाभर गेले होते. तिने समजावून सांगितलं, की शेजारच्या डरहॅम शहरात जुलैच्या दुसऱ्या शनिवारी खाणकामगारांचा 'गाला' भरतो. गाला म्हणजे उत्सव, मेळा. पण तिथले लोक त्याचा उच्चार करतात 'गेला'.

खाणकामगार म्हटल्यावर मी लगेच तयार झाले. माझं बालपण चंद्रपूरकडच्या एका कोळसा खाणीच्या वसाहतीत गेलं. आम्ही खाण म्हणत नसू, 'खदान' म्हणायचो. बाबा तिथे बत्तीघरात होते. खाली जाणाऱ्या प्रत्येकाला टोपीवरचा दिवा द्यायचा, त्याचं टोकन खुंटीला अडकवायचं आणि पाळी सुटली की दिवा परत घेऊन टोकन द्यायचं, एवढं त्यांचं काम. ते घरी खदानीबद्दल फारसं बोलत नसत. कोळशाचा कोणी उत्सव करतं, हे तर मी जन्मात ऐकलं नव्हतं.

रेशमी पताका आणि पितळी वाद्यं

न्यूकॅसलहून डरहॅम आगगाडीने जेमतेम पंधरा मिनिटांवर आहे. गाडी शहरात शिरते, तेव्हा टेकडीवरचं भव्य कॅथीड्रल आणि शेजारचा किल्ला एकदम समोर येतो. कॅथीड्रलची पायाभरणी १०९३ सालची. खाली वेअर नदी टेकडीला वळसा घालून वाहते.

आम्ही पोचलो तेव्हा अरुंद रस्त्यांच्या दोन्ही कडांना माणसं दाटीवाटीने उभी होती. कोणी घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या, कोणी पोरांना खांद्यावर घेतलं होतं. लांबून बँड ऐकू आला आणि वळणावरून पहिली पताका पुढे आली.

पताका म्हणजे आपली काठीला बांधलेली भगवी पताका नव्हे. पुरुषभर उंचीपेक्षा मोठं रंगीत रेशमी कापड, त्यावर चित्र आणि खाणीचं नाव. दोन बाजूंचे खांब दोघांच्या कमरपट्ट्यात खोचलेले आणि पुढेमागे दोऱ्या ताणून धरलेली माणसं. वारा आला की सगळ्यांचीच कसोटी. चित्रं नाना तऱ्हेची. कुठे कामगार पुढाऱ्यांचे चेहरे, कुठे कॅथीड्रल, कुठे एकमेकांचे हात धरलेले दोघे. प्रत्येक पताकेमागे पितळी वाद्यांचा बँड आणि त्यामागे त्या गावची माणसं. आजोबा, सुना, नातवंडं, बाबागाड्यासुद्धा.

मला आपल्या दिंड्यांची आठवण झाली. आषाढी चारच दिवसांवर होती. तिकडे पंढरीच्या वाटेवर वारकरी चालत होते आणि इथे मी इंग्लंडमधल्या दिंड्या बघत होते! गावातून निघण्याआधी पताका आणि बँड आपल्या गल्ल्यांतून फिरतात आणि मग शहराकडे येतात, हेसुद्धा तसंच.

रॉयल काउंटी हॉटेलसमोर प्रत्येक बँड थांबतो. वरच्या सज्जात संघटनेचे पुढारी आणि पाहुणे उभे असतात. त्यांच्यासमोर बँड आपली खास धून वाजवतो. लोक टाळ्या वाजवतात, ठेका धरतात आणि मिरवणूक नदीकाठच्या रेसकोर्सकडे सरकते. तिथे पताका कुंपणाला ओळीने बांधून ठेवतात. मग भाषणं, पाळणे, खाऊच्या गाड्या आणि गवतावर पसरलेल्या चादरी. थेट आपली जत्राच.

दीडशे वर्षांची परंपरा

डरहॅमच्या खाणकामगारांची संघटना १८६९ साली स्थापन झाली आणि पहिला मेळा १८७१ मध्ये भरला. दुसऱ्याच वर्षापासून तो रेसकोर्सवर भरू लागला. पहिल्या महायुद्धाच्या आधी, १९१३ च्या सुमारास, या एका परगण्यात सुमारे १ लाख ६५ हजार माणसं खाणीत काम करत होती. एकेक खाण म्हणजे एकेक गाव. घरं खाणमालकाची, शेजारी खाणीतला, जावईही खाणीतलाच. वर्षातून एक दिवस ही सगळी गावं शहरात यायची. एरवी जमिनीखाली असलेली माणसं त्या दिवशी भर रस्त्यातून, छाती काढून चालायची.

मेळा नेहमी गुण्यागोविंदाने पार पडला असं मात्र नाही. मजुरी, कामाचे तास, मालकांशी भांडण हे विषय तिथल्या व्यासपीठावर कायम होते. १९२५ सालची गोष्ट तर गमतीची आहे. डरहॅमच्या बिशपनी कामगारांच्या विरोधात मतं मांडली होती, म्हणून लोक चिडलेले होते. कॅथीड्रलचे डीन वेल्डन मैदानावर आले. त्यांनाच बिशप समजून जमावाने ढकलत नदीपर्यंत नेलं! शेवटी पोलिसांनी त्यांना नावेतून सोडवलं. आज त्याच कॅथीड्रलमध्ये मेळ्याच्या दिवशी दुपारी कामगारांसाठी प्रार्थना होते आणि नव्या पताकांना आशीर्वाद दिला जातो.

महायुद्धांच्या काळात मेळा बंद होता. १९८४ च्या देशव्यापी संपात तो भरला नाही. तो संप वर्षभर चालला. गावोगावच्या बायकांनी सार्वजनिक स्वयंपाकघरं चालवून घरं जगवली, पण मार्च १९८५ मध्ये कामगारांना हात हलवत कामावर परतावं लागलं. त्यानंतर खाणी भराभर बंद झाल्या. डिसेंबर १९९३ मध्ये संडरलंडची वेअरमाउथ ही परगण्यातली शेवटची खाण बंद पडली. त्या जागेवर आता फुटबॉलचं मोठं स्टेडियम उभं आहे. बाहेर आठवण म्हणून खाणीतल्या दिव्याची भलीमोठी प्रतिकृती आहे.

खाणी संपल्या, आता मेळाही संपणार, असंच तेव्हा अनेकांना वाटलं. झालं उलटंच. जुन्या पताका जपून राहिल्या, जीर्ण झालेल्यांच्या जागी गावांनी वर्गणी काढून नव्या करून घेतल्या. शाळेतली मुलं वाद्यं शिकू लागली. करोनामुळे २०२० आणि २०२१ मध्ये मेळा झाला नाही, पण २०२२ पासून पुन्हा सुरू आहे.

काळी फीत

एक पताका आली आणि गर्दीचा आवाज थोडा खाली आला. पताकेच्या वर काळं कापड गुंडाळलेलं होतं. माझ्या शेजारी ऐंशीच्या घरातले एक आजोबा उभे होते. कोटाला संघटनेचे जुने बिल्ले लावलेले. मी त्यांना विचारलं.

"त्या वर्षी खाणीत कोणी गेलं असेल, तर त्या खाणीची पताका अशी काळी फीत लावून यायची. आता जुन्या माणसांसाठी लावतात," ते म्हणाले.

ते स्वतः पंधराव्या वर्षी खाणीत उतरले होते. वडील, आजोबा तिथलेच. मी म्हटलं, "तुम्हाला खाणीची आठवण येत असेल ना?"

त्यांनी मान हलवली. "खाणीची नाही. माणसांची येते. माझ्या मुलाला मी तिथे पाऊल ठेवू दिलं नाही. अर्ध्या लोकांची छाती धुळीने गेली. आम्ही इथे खाणीसाठी येत नाही, बाई. एकमेकांसाठी येतो."

मैदानावर भाषणांच्या आधी एक धून वाजली. तिचं नाव 'ग्रेसफर्ड'. वेल्समधल्या ग्रेसफर्डच्या खाणीत सप्टेंबर १९३४ मध्ये स्फोट होऊन २६६ जण दगावले. बहुतेकांचे देह वर काढताच आले नाहीत, ते आजही खालीच आहेत. डरहॅमकडच्याच रॉबर्ट सेंट या खाणकामगाराने त्यांच्यासाठी ही धून रचली. ती १९३८ च्या मेळ्यात पहिल्यांदा वाजली. तिला शब्द नाहीत. सुरू होताच पाळण्यांजवळची तरुण पोरंसुद्धा स्तब्ध उभी राहिली.

मला डिसेंबर १९७५ आठवला. धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसून पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली. मी तेव्हा चौथीत होते. रेडिओवर बातमी लागली होती. बाबांनी उठून रेडिओ बंद केला आणि न जेवता अंगणात जाऊन बसले.

कॅथीड्रलमधला दिवा

दुपारी आम्ही कॅथीड्रलमध्ये गेलो. थोरल्या दगडी खांबांमधून बँड संथ वाजवत आत येत होते. एका बाजूला खाणीत प्राण गेलेल्यांचं लाकडी स्मारक आहे, १९४७ मध्ये बसवलेलं. त्याच्याशेजारी खाणीतला दिवा टांगलेला आहे आणि जवळच गेलेल्यांच्या नावांची वही आहे.

त्या दिव्याची जन्मकथाही याच भागातली. १८१२ मध्ये जवळच्या फेलिंग खाणीत ज्वालाग्राही वायूचा स्फोट होऊन ९२ जण गेले. त्यात कोवळी पोरंही होती. त्यानंतर इथल्या पाद्र्यांनी आणि इतरांनी खटपट केली आणि १८१५ मध्ये हंफ्री डेव्ही यांनी सुरक्षित दिवा तयार केला. युक्ती साधी होती. ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी. जाळी ज्योतीची उष्णता शोषून घेते, त्यामुळे बाहेरचा वायू पेट घेत नाही. वायू असेल तर ज्योतीवर निळसर टोपी दिसते आणि माणूस सावध होतो.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. बाबांनी एकदाच, माझ्या विज्ञानाच्या परीक्षेच्या आदल्या रात्री, पोळपाटावर पिठात बोटाने चित्र काढून सांगितलं होतं.

आणखी एक रात्र मला आठवते. बाबा पाळी संपल्यावर घरी आलेच नाहीत. पहाटे आले. आईने काही विचारलं नाही, नुसता चहा ठेवला. बाबा एवढंच म्हणाले, "एक टोकन खुंटीलाच राहिलं." कोणाचं ते मला कोणी सांगितलं नाही, मीही कधी विचारलं नाही. दर वर्षी खाण सुरक्षा सप्ताह व्हायचा, स्पर्धा व्हायच्या, बक्षिसं मिळायची. बाबा निवृत्त झाले तेव्हा शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पण त्या राहिलेल्या टोकनाचं नाव मी कुठे लिहिलेलं पाहिलं नाही.

काळा किनारा

दुसऱ्या दिवशी आम्ही समुद्रकाठच्या ईझिंग्टनला गेलो. मे १९५१ मध्ये तिथल्या स्फोटात ८३ जण गेले. त्यातले दोघे इतरांना वाचवायला उतरलेले होते. १९९३ मध्ये खाण बंद झाली. 'बिली एलियट' हा २००० सालचा गाजलेला चित्रपट याच गावात चित्रित झाला. टेकाडावर आता फक्त माणसांना खाली नेणारा लोखंडी पिंजरा उभा आहे. वर्षानुवर्षं खाणीचा कचरा समुद्रात टाकल्याने हा किनारा काळाकुट्ट झाला होता. खाणी बंद झाल्यावर तो मोठ्या खर्चाने साफ केला. आता तिथे लोक कुत्री घेऊन फिरायला येतात.

स्वच्छ किनारा बघून बरं वाटलं. पण त्यासोबत गावात कामही उरलं नाही, हे बंद दुकानं बघून कळत होतं. कोळशाने हवा, पाणी, छाती सगळंच खराब केलं, हे आज आपण जाणतो. पण ज्यांनी तो काढला, त्यांचं काय? डरहॅमने निदान त्यांना विसरायचं नाही असं ठरवलं आणि खाणीच्या जागी माणसांचा उत्सव चालू ठेवला. 'गेला' म्हणतात खरं, पण तो जात नाही.

रात्री मी चंद्रपूरला आईला फोन लावला. तिचं वय आता ब्याऐंशी आहे, बाबांना जाऊन बारा वर्षं झाली. मी विचारलं, "आई, ते टोकन राहिलं होतं ना एकदा... कोणाचं गं?"

तिला आठवावं लागलं नाही. तिने नाव सांगितलं, आडनावासकट. गाव सांगितलं. पोरं किती होती तेही सांगितलं. मी पर्समधली वही काढली आणि लिहून घेतलं.

जायचं असेल तर...

कधी : मेळा जुलैच्या दुसऱ्या शनिवारी असतो. प्रवेश मोफत. मिरवणूक सकाळी लवकर सुरू होते, म्हणून वेळेआधी पोचा.

कसे : लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावरून डरहॅमला आगगाडीने सुमारे तीन तास लागतात. त्या दिवशी शहरातले बरेच रस्ते वाहनांना बंद असतात, तेव्हा गाडीनेच जाणं सोयीचं.

आणखी काय पाहाल : डरहॅमचं कॅथीड्रल आणि किल्ला (१९८६ पासून जागतिक वारसा यादीत), तसंच जवळचं बीमिश हे उघड्यावरचं संग्रहालय. तिथे जुनं खाणगाव जसंच्या तसं उभारलेलं आहे, मुलांना फार आवडतं.

सोबत काय घ्याल : छत्री, पाण्याची बाटली आणि बसायला चादर. उन्हाळा असला तरी तिथल्या पावसाचा भरवसा नाही.