आधी सोपं दाखवा

चिनी कसरतीच्या कार्यक्रमात खुर्च्यांचा एक खेळ असतो. एका खुर्चीवर कलाकार हातांवर उलटा उभा राहतो. मग दुसरी खुर्ची चढते, तिसरी चढते, आणि प्रत्येक मजल्यावर तो पुन्हा तसाच उभा राहतो. पवित्रा तोच, उंची वाढत जाते. पहिल्या खुर्चीवर लहान मुलालाही खेळ समजलेला असतो, म्हणून वरच्या खुर्चीवर त्याचा श्वास अडकतो. हपै प्रांतातलं वूछ्याओ हे या कसरतीचं माहेर; १९८७ पासून त्या नावानं आंतरराष्ट्रीय सर्कस महोत्सव भरतो. तिथल्या मांडणीतून मी माझ्या कामाचं बरंच काही उचललं आहे.

शहापूर-मुरबाडच्या मुलांना मी मल्लखांब शिकवतो आणि त्यांचं पथक जत्रांत, स्नेहसंमेलनांत उभं करतो. ही मुलं लहानपणापासून झाडांवर चढलेली; पकड त्यांच्या पायांत आधीच असते. अडचण येते ती कार्यक्रम बांधताना. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब रुजवला तो पहिलवानांच्या सरावासाठी. समोर घरचं खटलं घेऊन बसलेल्या प्रेक्षकाचा विचार त्यात नव्हता. स्पर्धेत तर वेळ मोजका, बघणारे परीक्षक जाणकार. तिथला संच जसाच्या तसा आमच्या भागातल्या म्हशाच्या यात्रेत दाखवला, तर पौष पौर्णिमेला बैल बघायला, घोंगडी घ्यायला आलेल्या माणसाला सगळ्या उड्या सारख्याच वाटतात.

म्हणून आमची सुरुवात दोरापासून होते. एक मुलगी नुसती चढते, तीही सावकाश. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात सुती दोर घट्ट धरायचा, गुडघा सरळ करत अंग वर न्यायचं, हात वर सरकवायचे, मग पाय ओढून पुन्हा पकडायचं. पुढच्या रांगेतली पोरं स्वतःच्या अंगठ्याकडे बघू लागतात. त्यानंतर तीच मुलगी त्याच दोरावर पद्मासन घालते, तेव्हा टाळी मनापासून पडते.

पुरलेल्या खांबावरही तोच क्रम. आधी साधी अढी म्हणजे पायांची पकड, मग दसरंग, मग फरारा हे अवघड प्रकार, आणि सर्वांत शेवटी बोंडावरचा, म्हणजे खांबाच्या टोकावरचा, ताजवा. चिनी कसरतीतल्या खांबाला रबर चढवलेलं असतं, पकड मिळावी म्हणून. आमच्या खांबाला एरंडेल लागतं, कारण उघडी कातडी लाकडावर फिरते आणि ती सोलवटू नये. हे तेल मी प्रेक्षकांसमोरच चोळतो. खांबावरचा चकचकीतपणा डोळ्यांना दिसला, की मांड्यांची पकड किती पक्की हवी ते वेगळं सांगावं लागत नाही.

मल्लखांब १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाबरोबर बर्लिनला पोचला. २०१९ मध्ये शिवाजी पार्कवर त्याची जागतिक स्पर्धा झाली. या खेळात कस भरपूर आहे. गावातल्या मंचावर तो कस बघणाऱ्यापर्यंत पोचवणं हे शिकवणाऱ्याचं काम. शाळेत मल्लखांब बसवणाऱ्या शिक्षकांना माझं एकच सांगणं आहे: तुमचा सर्वांत तयार मुलगा शेवटी ठेवा आणि नवशिक्याला पहिला मान द्या. त्याची साधी अढी नीट बघितलेला प्रेक्षकच पुढच्या मुलाची मेहनत ओळखतो, आणि दुसऱ्या दिवशी आपलं पोर तालमीला पाठवतो.