साथीला कोण होतं?

गौहरजानचं गाणं संपत आलं की शेवटचा सूर विरायच्या आत ती ठणठणीत आवाजात स्वतःचं नाव सांगते, तेही इंग्रजीत. 1902 साली कलकत्त्याच्या एका हॉटेलच्या खोलीत फ्रेड गैसबर्गने तिचं ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा आपल्याकडे तबकड्या दाबायचा कारखाना नव्हता. मुद्रण बोटीने जर्मनीतल्या हॅनोव्हरला जायचं. तिथल्या कामगाराला कुठली ठुमरी कोणाची हे कसं कळणार? म्हणून गाणारीने आपलं नाव गाण्याच्या शेपटाला बांधून पाठवायचं. अलाहाबादच्या जानकीबाईही असंच नाव सांगत. 1908 साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला, पुढे दमदमला मोठा निघाला. मग नाव मोठ्याने सांगायची गरज उरली नाही, ते लेबलावर छापून येऊ लागलं.

मला ही रीत कधीच परकी वाटली नाही. तुकोबांनी, जनाबाईंनी अभंगात नाव ओवून ठेवलं. वामनदादा कर्डकांनी गीताच्या शेवटच्या कडव्यात ठेवलं. गाणं तोंडोतोंडी जाणार, सोबत कागद असणार नाही, हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनी केलेली ती तजवीज.

'हल्ली रेकॉर्डी, सीडी विकत घेतं का कोणी?' असं घरी येणारं माणूस हमखास विचारतं आणि विचारताना कपाटाकडे बघतं. घेतात. पूर्वीच्या मानाने फार थोडे घेतात, पण घेतात. मीही घेते. तबकडीचा आवाज गोड की फोनचा, यावर वाद घालणारे खुशाल घालोत. मी घेते ती कव्हरच्या मागच्या बाजूसाठी.

तिथे काय असतं ते सांगते. बारा इंची एलपीचं कव्हर उलटं केलं की बारीक टाइपात दोन रकाने मजकूर असतो. राग कोणता, त्याचा प्रहर कोणता, विलंबित चीज कुठल्या तालात, द्रुत कुठल्या तालात. गायकाचं घराणं, गुरू. आणि खाली, बहुधा उजव्या कोपऱ्यात, साथीदार: तबला, पेटी किंवा सारंगी, कधी तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्यांचीही नावं. जुन्या बाजारातून आणलेल्या कव्हरांवर आणखी एक थर असतो. दुकानाचा जांभळा शिक्का, फाउंटन पेनने घातलेली तारीख, 'वाढदिवसानिमित्त सप्रेम' अशी ओळ. एका कव्हरवर पहिल्या मालकाने रागाच्या नावापुढे पेन्सिलीने आरोह-अवरोह लिहून ठेवले आहेत आणि कोमल स्वरांखाली न विसरता आडवी रेघ दिली आहे. तो माणूस गाणं शिकत असणार.

मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्या घेणाऱ्या तबकडीला एवढी ऐसपैस जागा नव्हती. लाखेची ती जड तबकडी हातातून निसटली की खापरासारखी फुटायची, आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. त्या तीन मिनिटांत आमच्या गवयांनी राग उभे केले, हे मला आजही अचंबित करतं. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी अशाच तबकडीवर होती. ती लहानपणी कानावर पडली आणि भीमसेन जोशींना वेड लागलं. 1933 साली, 11 वर्षांचा असताना, हा मुलगा गुरूच्या शोधात घर सोडून गेला. केसरबाई केरकरांची भैरवीही त्याच साडेतीन मिनिटांच्या मापातली. 1977 साली व्हॉयेजर यानांसोबत जी सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर ती आहे. त्या तबकडीच्या कव्हरवर ती वाजवायची कशी याच्या आकृत्या कोरल्या आहेत आणि सोबत सुईसुद्धा दिली आहे. गोव्यातल्या केरी गावच्या बाईंचं गाणं कोणाच्या हाती लागलंच, तर त्याला ते लावता यावं इतका विचार पाठवणाऱ्यांनी केला होता.

लेबलावर नाव येणंही सहज झालेलं नाही. 1949 च्या 'महल'मधलं गाजलेलं गाणं निघालं तेव्हा रेकॉर्डवर गायिका म्हणून 'कामिनी' छापलं होतं. कामिनी हे चित्रपटात मधुबालाच्या पात्राचं नाव. गाणं रेडिओवर लागायला लागलं आणि ही गाते कोण, अशी श्रोत्यांची पत्रं येऊ लागली. लताबाईंनी पुढे नावासाठी आग्रह धरला आणि तो तडीस नेला. वादकांसाठी मात्र असं कोणी उभं राहिलं नाही. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस आणि त्यांच्यासारखे गोव्याचे कितीतरी वादक-संयोजक मुंबईच्या स्टुडिओंत वर्षानुवर्षं राबले. ज्या चित्रपटगीतांवर आपण वाढलो त्यांतले व्हायोलिनचे ताफे त्यांनी बसवले, स्वरलेखनाचे कागद त्यांनी लिहिले. रेकॉर्डच्या लेबलावर त्यांना जागा मिळाली नाही. आज ती नावं शोधायची तर म्हाताऱ्या वादकांच्या मुलाखती धुंडाळाव्या लागतात. नाव वेळेवर छापलं नाही की असं होतं.

शास्त्रीय संगीताच्या एलपी याबाबतीत पुष्कळ सभ्य होत्या. 33⅓ फेऱ्यांची ही तबकडी अमेरिकेत 1948 साली आली, आपल्याकडे घरोघरी पोचायला आणखी दीड-दोन दशकं गेली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. किशोरीताईंची एका बाजूला भूप आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री असलेली एलपी ज्यांच्या घरी होती, त्यांना भूप संपल्यावरची ती शांतता आठवत असेल. उठायचं, रेकॉर्ड कडेने दोन्ही तळव्यांत धरायची, उलटायची, सुई ठेवायची. मधल्या वेळात कोणी बोलत नसे. पुढचा राग आपोआप अंगावर यायचा नाही, तो आपण लावायचा.

दुकानंही तशीच होती. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस, पुण्यात अलूरकर म्युझिक हाऊस. ऱ्हिदम हाऊसमध्ये आधी ऐकून बघायला काचेच्या छोट्या खोल्या होत्या. विकत घ्यायची ऐपत नसलेलं पोरही तिथे उभं राहून ऐकू शकायचं. अलूरकरांनी तर दुर्मिळ मैफलींच्या कॅसेटी स्वतः काढल्या. काउंटरमागचा माणूस जाणता असायचा. यमन मागितला की 'कोणाचा?' आणि नाव सांगितलं की 'ही घ्या, हिच्यात पेटीला गोविंदराव पटवर्धन आहेत' असा सल्ला मिळायचा. पेटीवर कोण आहे म्हणून कॅसेट निवडायची असते, हे मी दुकानात शिकले.

कॅसेटने हे सगळं स्वस्त केलं आणि गावात नेलं. रेकॉर्ड प्लेअर ज्या घरात कधी आला नाही त्या घरात टेपरेकॉर्डर आला. प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं, कोळीगीतं, लावण्या, कव्वालीचे मुकाबले, भीमगीतं. मोठ्या कंपन्यांनी ज्याला हात लावला नसता ते कॅसेटवर आलं. सहा डिसेंबरला दादरला चैत्यभूमीच्या वाटेवर कॅसेटींचे, पुढे सीडींचे ढीग लागायचे. चार बोटं रुंद कागदाच्या आतल्या घडीवर कवी, गायक, संगीत, कोरस, ढोलकी असं सगळं दाटीवाटीने छापलेलं असे. माझ्या मते लोककलावंतांची सर्वांत भरघोस नोंद त्या घडीच्या कागदांवरच झाली आहे. ते कागद मात्र कोणी जपले नाहीत.

सीडी आपल्याला पुरती लाभलीच नाही, याची मला खंत आहे. 1982 साली आलेल्या या चकतीवर सलग 74 मिनिटं मावत होती. विलंबित ख्यालाला मध्ये न तोडता पहिल्यांदा पुरेशी जागा मिळाली आणि सोबत छोटी पुस्तिका आली. ख्यालासाठी याहून चांगलं माध्यम निघालेलं नाही. पण ती घरोघरी रुळते न रुळते तोच शंभर-दीडशे गाणी कोंबलेल्या एमपीथ्री सीडी पदपथावर आल्या. त्यांच्या कव्हरवर गायकाचा फोटो आणि गाण्यांची यादी, बस्स.

2016 च्या फेब्रुवारीअखेर ऱ्हिदम हाऊस बंद झालं. त्याच वर्षी फोनवरचा डेटा कवडीमोल झाला. 2019 साली स्पॉटिफाय भारतात आलं, सावन आणि गाना आधीपासून होतेच. लॅपटॉपमधला सीडीचा खण गेला, गाडीतली खाच गेली. आता मल्लिकार्जुन मन्सूर ऐकायला धारवाडला जावं लागत नाही की पुण्यात दुकानं पालथी घालावी लागत नाहीत. लातूरच्या किंवा टोरँटोच्या खोलीत बसलेल्या मुलीला ते क्षणात ऐकता येतात. ही थोर सोय आहे. मला विशीत ती मिळाली असती तर मी आणखी कितीतरी ऐकलं असतं.

पण याच फोनवर कुमार गंधर्व लावा आणि तबल्यावर कोण आहे ते शोधा. वसंतराव आचरेकरांचा तो ठेका कानाला कळतो, पडद्यावर मात्र बहुतेक वेळा कुमारजींचं नाव, रागाचं नाव आणि मूळ कव्हरशी संबंध नसलेलं एखादं सूर्यास्ताचं चित्र. नाट्यगीत लावा, गायक दिसेल. चाल भास्करबुवा बखल्यांची की गोविंदराव टेंब्यांची, पद कोणाचं, हे दिसेलच असं नाही. आपलं रेडिओ केंद्र याबाबतीत किती चोख होतं! गीत अमक्याचं, संगीत तमक्याचं, एवढं सांगितल्याशिवाय निवेदक पुढे जात नसे. 2020 साली स्वानंद किरकिरे, वरुण ग्रोव्हर, कौसर मुनीर आणि इतर हिंदी गीतकारांना 'क्रेडिट दे दो यार' म्हणत मोहीम उघडावी लागली, कारण ॲपवर त्यांच्याच गाण्यांना त्यांची नावं नव्हती. हयात आणि नामवंत गीतकारांची ही गत, तर पन्नास वर्षांपूर्वी वारलेल्या सारंगियाचं कोण बघणार?

यूट्यूबवर मात्र आशेला जागा आहे. तिथे कोणीतरी रसिक घरातल्या जुन्या टेपवरची मैफल चढवतो आणि खाली निगुतीने लिहितो: राग, ताल, साथ, मैफलीचं ठिकाण, वर्ष. त्याखाली दुसरा रसिक येऊन सांगतो की पेटीवर आप्पा जळगावकर नसावेत, तुळशीदास बोरकर वाटतात. पैसे घेणाऱ्या कंपन्यांपेक्षा ही फुकट काम करणारी माणसं गाण्याशी जास्त इमानाने वागली आहेत.

मग विकत घेणारे कोण? अमेरिकेत 2022 साली एलपी 4 कोटी 10 लाखांच्या घरात खपल्या आणि सीडी 3 कोटी 30 लाख. 1987 नंतर पहिल्यांदाच तबकडीने नगांच्या हिशेबात सीडीला मागे टाकलं. आपल्याकडेही जुन्या चित्रपटांच्या नव्या छापाच्या एलपी दुकानांत दिसतात, किंमत चार आकडी. घेणारे बरेचसे तिशीच्या आतले. त्यातल्या काहींना ती भिंतीवर शोभेला हवी असते, आणि त्यातही मला वावगं वाटत नाही. कव्हर भिंतीवर राहिलं तरी राहतं. सारेगामाने 2017 साली काढलेला, पाच हजार गाणी आत भरलेला कारवां हा प्लेअर घराघरांतल्या आजी-आजोबांनी आपलासा केला, कारण त्याला फिरवायला खटका होता.

पण खरे गिऱ्हाईक वेगळे. मुंबईत 1990 साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था सुरू झाली. पेशाने शास्त्रज्ञ असलेल्या सुरेश चांदवणकरांनी तिचं काम वर्षानुवर्षं वाहिलं, 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक चालवलं. तबकडीवर कोरलेल्या क्रमांकावरून ती कधी मुद्रित झाली हे लावणारी ही माणसं. चोर बाजारात किंवा फोर्टच्या पदपथावर ती कशी खरेदी करतात ते बघण्यासारखं असतं. आधी तबकडी उन्हाकडे तिरकी धरून चरे बघतात, मग डोळ्याच्या रेषेत आणून वाकली आहे का ते बघतात, आणि चरे असले तरी कव्हर शाबूत असेल तर घेतात. वाजणारी तबकडी घरी आधीच असते, हवा असतो तो कागद.

आमच्या ओळखीतली एक तबला शिकणारी मुलगी गेल्या वर्षी जुन्या कॅसेटींचं अख्खं खोकं घेऊन आली. तिच्याकडे टेपरेकॉर्डर नाही. सगळ्या मैफली तिला फोनवर मिळाल्या होत्या, पण वाजवणाऱ्यांची नावं मिळाली नव्हती. तेव्हापासून आम्ही दोघी रविवारी बसतो. ती कागद उलगडून वाचते, मी वहीत उतरवते: राग, ताल, तबला, पेटी, तानपुरा. मग यूट्यूबवर ती मैफल सापडली की खाली लिहून टाकतो.

तुमच्या घरी माळ्यावर एलपी किंवा कॅसेटी असतील आणि दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीवाल्याकडे निघाल्या असतील, तर खुशाल द्या. फक्त देण्याआधी प्रत्येक कव्हरची मागची बाजू आणि कॅसेटच्या कागदाची आतली घडी चांगल्या उजेडात, अक्षरं वाचता येतील अशी, फोनवर टिपून ठेवा. लोककलावंतांच्या कॅसेटी असतील तर आधी त्या.